बळ आणि तोल : मल्टिपल स्क्लेरॉसिस ह्या व्याधीतील पायाच्या बलमापनाचा इतिहास

१

मराठीत 'तोल' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. वाण्याच्या दुकानात तो वजनाचा वाचक आहे. उभ्या माणसाविषयी बोलताना तो स्थैर्याचा वाचक आहे. दोन्ही अर्थांचे मूळ संस्कृतातील 'तुल्' ह्या एकाच धातूत आहे. तोल ही मुळातच मोजण्याची गोष्ट होय, असे जणू ही व्युत्पत्ती सुचविते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र उभ्या माणसाचा तोल मोजता येतो ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रुजली नव्हती. आणि तो तोल सांभाळणाऱ्या पायाचे बळ त्याच्या जोडीने मोजले पाहिजे, ही जाणीव तर त्याहूनही पुष्कळ उशिराची आहे.

ह्या विलंबाचा परिणाम ज्या व्याधींच्या अभ्यासावर विशेष झाला, त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिस ही व्याधी प्रमुख आहे. मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. ह्या व्याधीत ते ठिकठिकाणी नष्ट होते, काही तंतूही तुटतात, आणि त्या जागी कठीण चट्टे उरतात. चट्टा कोठे पडेल ह्याचा नियम नसल्यामुळे एकाच रुग्णाची दृष्टी, वाणी, स्पर्शज्ञान, बळ आणि तोल ह्यांपैकी काहीही, किंवा सर्वच, बिघडू शकते. ऑस्ट्रेलिया, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका ह्या चार देशांतील ५३७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या अवधीत ५६ टक्के रुग्ण किमान एकदा पडल्याचे आढळले. तेव्हा हा रुग्ण का पडतो, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे.

बळ आणि तोल ह्या दोन कल्पना वैद्यकाने प्रथम एकमेकींपासून अलग का केल्या, त्या अलगपणाचे फळ काय मिळाले व किंमत काय पडली, आणि पुढे त्या पायाच्या तळव्यापाशी पुन्हा एकत्र कशा आल्या, ह्याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

२

माणसाचे बळ आकड्यात मांडण्याचे पहिले सुटसुटीत यंत्र फ्रान्समध्ये झाले. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ ह्याच्या सूचनेवरून एद्म रेन्ये ह्या यंत्रकाराने ते बनविले आणि १७९८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लंबवर्तुळाकार पोलादी कमान मुठीत दाबली अथवा ताणली म्हणजे काटा तबकडीवर सरकत असे. ह्या बलमापकाचा पहिला गाजलेला उपयोग रुग्णालयात झाला नाही, तर समुद्रप्रवासात झाला. १८०० ते १८०४ ह्या काळात बोदँ ह्याच्या मोहिमेबरोबर गेलेल्या फ्रान्स्वा पेराँ ह्याने तिमोर, टास्मानिया आणि ऑस्ट्रेलिया येथील रहिवाशांच्या हाती ते यंत्र दिले, युरोपीय खलाशांच्याही हाती दिले, आणि 'रानटी' माणूस सुधारलेल्या माणसाहून दुबळा असतो असा निष्कर्ष काढला. परक्या माणसाने हाती दिलेले अपरिचित यंत्र कोणी सर्व शक्तीनिशी का दाबावे, हा प्रश्न त्याला अडला नाही. बलमापनाच्या इतिहासाच्या आरंभीच आढळणारा हा प्रमाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. यंत्रावरचा आकडा केवळ स्नायूचा नसतो. मोजणाऱ्याची पद्धत, मोजून घेणाऱ्याची समजूत आणि त्याची इच्छा ही सर्व त्या आकड्यात मिसळलेली असतात.

तोलाच्या परीक्षेचा आरंभ बर्लिन येथे झाला, असे सामान्यतः मानतात. मोरित्स हाइन्रिख रोमबर्ग ह्याने १८४० ते १८४६ ह्या वर्षांत प्रसिद्ध केलेल्या मज्जाव्याधींवरील ग्रंथात 'टेबीज डॉर्सालिस' ह्या रोगाचे वर्णन करताना एक साधी कसोटी सांगितली. रुग्णास सरळ उभे करावे आणि डोळे मिटावयास सांगावे. तो तत्काळ डोलू लागतो. मार्शल हॉल ह्या इंग्रज वैद्याने १८३६ साली अंधारात तोल जाणाऱ्या रुग्णाविषयी असेच निरीक्षण नोंदविले होते. परंतु कसोटी म्हणून ती रूढ झाली आणि तिला नाव मिळाले ते रोमबर्गचे. ह्या कसोटीस यंत्र लागत नाही आणि तीत आकडाही नाही. तीत आहे तो एक भेद : डोळे उघडे असताना आणि डोळे मिटल्यावर. पायांकडून येणारी स्थितीची वार्ता खंडित झाली असता माणूस दृष्टीच्या आधाराने उभा असतो, आणि तो आधार काढून घेताच ते उघडकीस येते, हे तिचे मर्म होय.

तथापि ह्याच रोगात स्नायूंचे बळ कमी होते, असेही रोमबर्गने लिहून ठेवले होते. म्हणजे त्याच्या वर्णनात बळ आणि तोल एकत्रच नांदत होते. त्यांची फारकत केली ती पॅरिसच्या द्युशेन ह्याने.

३

द्युशेन हा रुग्णालयांतून विजेची पेटी घेऊन हिंडणारा, कोणतेही अधिकारपद नसलेला, पण विलक्षण चिकाटीचा निरीक्षक होता. १८५८-५९ मध्ये त्याने ज्या व्याधीस 'गतीचा वर्धमान अटॅक्सिया' अशा अर्थाचे नाव दिले, ती रोमबर्गचीच व्याधी होती. पण द्युशेनने त्या रुग्णांच्या स्नायूंची एकेक करून परीक्षा घेतली. चालताना ज्यांचे पाय वेडेवाकडे फेकले जात होते, त्यांनाच पाय ताणून धरण्यास सांगितले असता तो वाकविणे कठीण जाई. बळ शाबूत होते. हरवली होती ती हालचालींची जुळणी.

ह्या शोधाचे मर्म त्याने निवडलेल्या शब्दात आहे. 'अटॅक्सिया' म्हणजे ग्रीक भाषेत 'क्रमाचा अभाव'. भाषाभ्यासकांस परिचित असलेल्या 'सिंटॅक्स' ह्या शब्दात जो 'टॅक्सिस' म्हणजे क्रम आहे, तोच येथे नकारार्थी उपसर्गासह आला आहे. एखाद्या वाक्यातील शब्द सगळे जागच्या जागी असावेत, पण अन्वय नसावा, तसे ह्या रुग्णाच्या चालण्याचे होते. पक्षाघातात शब्दच गळालेले असतात. अटॅक्सियात अन्वय सुटलेला असतो. बळ ही एक गोष्ट आणि तोल ही दुसरी, हा भेद द्युशेनने असा पक्का केला, आणि मज्जाव्याधींच्या निदानात तो अत्यंत फलदायी ठरला. पूर्वी 'पाय लुळे पडणे' ह्या एका सदराखाली जे विकार कोंबले जात, ते त्यामुळे वेगळे ओळखता येऊ लागले.

मल्टिपल स्क्लेरॉसिसला तिचे स्वतंत्र स्थान ह्याच वातावरणात मिळाले. मज्जारज्जूवरील चट्ट्यांची चित्रे कार्सवेल आणि क्रुव्हेल्ये ह्यांनी पूर्वीच काढली होती. पण ते चट्टे आणि जिवंत रुग्णाची लक्षणे ह्यांची सांगड घातली ती शार्को ह्याने. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात १८६८ साली दिलेल्या व्याख्यानांत त्याने ह्या व्याधीचे समग्र वर्णन केले आणि तीन लक्षणांवर बोट ठेवले : डोळ्यांच्या बुबुळांची थरथर, हेतुपुरस्सर हालचाल करताना येणारा कंप, आणि अक्षर अक्षर सुटे करून बोललेली वाणी. वृत्ताची मात्रागणना करीत कविता म्हणावी तसे हे बोलणे असते, म्हणून तिला 'स्कॅनिंग' वाणी हे नाव पडले. ही तिन्ही लक्षणे जुळणी बिघडल्याची आहेत, बळ गेल्याची नव्हेत. पायांचा दुबळेपणा आणि पुढे येणारा ताठरपणा शार्कोने नोंदविला नाही असे नव्हे. परंतु व्याधीची ओळख पटविणारी त्रयी म्हणून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी जे पाठ केले, त्यात पायांना स्थान नव्हते.

वस्तुतः ही व्याधी द्युशेनच्या भेदरेषेत बसणारी नव्हतीच. तिचा एक चट्टा मेंदूकडून स्नायूकडे जाणाऱ्या मार्गावर पडला तर बळ जाते. दुसरा मज्जारज्जूच्या मागील स्तंभावर पडला तर रोमबर्गची कसोटी विपरीत येते. तिसरा लहान मेंदूत पडला तर जुळणी बिघडते. एकाच पायात तिन्ही दोष नांदू शकतात. जो भेद निदानासाठी वरदान होता, तोच ह्या रुग्णाचे पडणे समजून घेताना अडसर झाला. 'हा दुबळा की अतोल?' असा प्रश्न विचारण्याची सवय लागली. 'दुबळेपणाचा तोलाशी संबंध काय?' हा प्रश्न मागे पडला.

४

फारकत झाल्यावर दोन्ही मापने आपापल्या वाटेने पुढे गेली.

तोलाच्या बाजूने ट्यूबिंगेनच्या फिएरोर्ट ह्याने १८६० नंतरच्या दशकात उभ्या माणसाच्या शिरस्त्राणावर पीस बसवून वरच्या काजळी धरलेल्या कागदावर त्याच्या डोलण्याची रेघ उमटवून घेतली. अमेरिकेत वेअर मिचेल आणि त्याचे सहकारी ह्यांनी हाच विषय चालविला आणि १८८७ साली गाय हिन्सडेल ह्याने उभे राहण्याविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. धडधाकट माणूसही कधी निश्चल उभा नसतो, तो अखंड किंचित डोलत असतो, हे ह्या रेघांनी दाखवून दिले. विसाव्या शतकात डोक्यावरील पिसाची जागा पायाखालच्या तक्त्याने घेतली. १९६९ साली स्वित्झर्लंडच्या किस्टलर कंपनीने चालण्याच्या अभ्यासासाठी बल मोजणारा तक्ता बाजारात आणल्यानंतर, तळव्याखाली दाबाचे केंद्र क्षणोक्षणी कोठे सरकते हे पाहणे प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले.

बळाच्या बाजूने गती मिळाली ती लहान मुलांच्या पोलिओमुळे आणि महायुद्धांमुळे. बॉस्टनच्या लव्हेट ह्याच्या हाताखाली विल्हेल्मिन राइट हिने १९१२ साली स्नायूंची हाताने परीक्षा घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो काय, परीक्षकाच्या हाताचा विरोध सोसता येतो काय, अशी ती चढती प्रतवारी होती. लव्हेट आणि मार्टिन ह्यांनी स्प्रिंगच्या काट्याने हेच बळ पौंडांत मोजण्याचाही उद्योग केला. परंतु टिकून राहिली ती हाताचीच पद्धत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने युद्धकाळात, १९४३ साली, काढलेल्या पुस्तिकेमुळे ० ते ५ ही प्रतवारी जगभर रूढ झाली. शून्य म्हणजे स्नायूचे आकुंचन मुळीच नाही. पाच म्हणजे प्राकृत बळ.

ही प्रतवारी स्वस्त आहे, शिकण्यास सोपी आहे आणि खाटेपाशी उपयोगी पडते. पण तिचा वरचा भाग कमालीचा बोथट आहे. १९५६ साली बीसले ह्याने गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बळ यंत्राने मोजले, तेव्हा 'चांगले' म्हणजे चौथ्या प्रतीचे ठरविलेल्या पोलिओग्रस्त मुलांचे बळ निरोगी मुलांच्या सरासरी ४३ टक्केच भरले. परीक्षकाच्या हाताला जे जवळजवळ पुरेसे वाटत होते, ते प्रत्यक्षात निम्म्याहून कमी होते.

पायाच्या बाबतीत हा बोथटपणा विशेष घातक ठरतो. पोटरीचे स्नायू सबंध देहाचा भार चवड्यावर उचलून धरण्याइतके बलवान असतात. निजलेल्या रुग्णाचा तळवा हाताने रेटून त्यांची परीक्षा घेतली, तर बरेच बळ गमावलेला पायही परीक्षकाच्या हातास सहज हरवितो, आणि नोंदवहीत 'पाच' हा आकडा पडतो. रुग्ण सांगतो, 'पायात बळ नाही'; कागद सांगतो, बळ पूर्ण आहे. अशा वेळी कागदाचे म्हणणे ग्राह्य धरण्याचीच वैद्यकाची प्रथा राहिली आहे.

मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी खास प्रमाणपट्टी तयार झाली ती १९५५ साली. अमेरिकेतील जॉन कुर्ट्झ्के ह्याने शून्यापासून दहापर्यंत असमर्थतेच्या पायऱ्या आखल्या आणि १९८३ साली त्यांत अर्ध्या पायऱ्यांची भर घातली. हीच पट्टी पुढे औषधांच्या चाचण्यांचा पाया झाली. तिचा मधला भाग जवळजवळ सर्वस्वी चालण्याच्या अंतरावर उभा आहे : आधाराविना ५०० मीटर चालणारा चौथ्या पायरीवर, १०० मीटर चालणारा साडेपाचव्या पायरीवर, आणि तेवढ्याच अंतरासाठी एका बाजूस काठीचा आधार लागणारा सहाव्या पायरीवर. ह्या पट्टीने फार मोठे काम केले आहे, ह्यात संशय नाही. पण काठी का लागली, हे ती सांगत नाही. बळ गेल्यामुळे काठी घेणारा आणि पायाची वार्ताच पोहोचत नाही म्हणून काठी घेणारा हे दोघेही तिच्या लेखी एकाच पायरीवर उभे असतात. वास्तविक त्या दोघांना द्यावयाचा व्यायाम एक नव्हे.

५

दोन वाटा पुन्हा जवळ आल्या त्या उभे राहण्याच्या यांत्रिकीमुळे. उभ्या माणसाची भाररेषा घोट्याच्या किंचित पुढून जाते. म्हणून देह सतत पुढे कलू पाहतो आणि पोटरीचे स्नायू त्यास सतत मागे खेचून धरतात. अमेरिकेत नॅशनर ह्याने १९७० नंतरच्या दशकात पायाखालचा तक्ता अकस्मात हलवून माणूस स्वतःला कसा सावरतो ह्याचा अभ्यास केला. लहान धक्का घोट्यातून सावरला जातो, मोठ्या धक्क्यास कमरेतून वाकावे लागते, ही मांडणी त्यातूनच पुढे आली. तोल म्हणजे केवळ मेंदूतील जुळणी नव्हे, ती जुळणी अमलात आणणारे घोट्याचे बळही त्यात आले, हे ह्यामुळे मान्य करणे भाग पडले.

घोट्याच्याही खाली पायाची बोटे आहेत. देह पुढे झुकला असता आधाराची शेवटची सीमा बोटेच ठरवितात. ती जमिनीस दाबून धरता आली तर माणूस सावरतो, न आली तर पाऊल टाकावे लागते किंवा पडावे लागते. ह्या बोटांचे बळ मोजण्याची सर्वांत साधी युक्ती मात्र तोलाच्या संशोधनातून आली नाही; ती कुष्ठरोगाच्या क्षेत्रातून आली. ह्या रोगात तळव्यातील लहान स्नायू लुळे पडतात, बोटे आकड्यासारखी वळतात आणि बधिर पायावर जखमा होतात. वेल्लूर येथे पॉल ब्रँड ह्यांनी १९४७ नंतर केलेल्या कामामुळे हात आणि पाय ह्यांच्या विकृतीकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. तळव्यातील स्नायूंचा पक्षाघात वेळीच ओळखण्यासाठी २००२ साली द विन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कागदाची कसोटी प्रसिद्ध केली. रुग्णाने बसून पाऊल जमिनीवर टेकवावे, अंगठ्याखाली कागदाची पट्टी ठेवावी, रुग्णाने अंगठा दाबावा आणि परीक्षकाने पट्टी ओढावी. पट्टी निसटली तर स्नायू दुबळा. ज्या दवाखान्यात बलमापक येण्याची शक्यता नाही, तेथेही ही कसोटी घेता येते.

ही पट्टी लवकरच अन्य क्षेत्रांत गेली. ऑस्ट्रेलियात मेंझ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ साली तरुण व वृद्ध ह्यांच्या बोटांचे बळ मोजून ह्याच कसोटीचा पडताळा घेतला. २००९ साली मिकल आणि सहकाऱ्यांनी वृद्धांचा पाठपुरावा करून बोटांचा दुबळेपणा आणि त्यांची विकृती ह्यांमुळे पडण्याचा धोका वाढतो असे दाखविले. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर विद्यापीठातील संशोधकांनी पट्टीस बलमापक जोडून 'निसटली की टिकली' ह्या द्विविध उत्तराच्या जागी आकडा आणला आणि मधुमेही रुग्णांत त्या आकड्याचा तोलाशी संबंध तपासला. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांकडे ही दृष्टी वळणे ह्यानंतर स्वाभाविकच होते. ह्या व्याधीत पोटरीचे बळ कमी होणे हे पोटरीच्या ताठरपणापेक्षा चालण्यास अधिक बाधक ठरते, असा निष्कर्ष २०१४ साली वॅग्नर व सहकाऱ्यांनी मांडलाच होता.

६

परंतु येथेच सावध राहणे अगत्याचे आहे. २००८ साली कॅमेरॉन, होराक आणि सहकारी ह्यांनी मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांच्या पायाखालचा तक्ता सरकवून त्यांचा प्रतिसाद पाहिला. तो निरोगी माणसांच्या मानाने उशिरा येत होता, आणि ह्या उशिराचा संबंध मज्जारज्जूतून वर जाणाऱ्या संवेदनेच्या मंद गतीशी होता. म्हणजे ज्या रुग्णाच्या बोटांत पुरेसे बळ आहे, तोही पडू शकतो. कारण ते बळ वापरण्याचा हुकूम वेळेवर सुटत नाही. द्युशेनची भेदरेषा खोटी नव्हती. ती अपुरी होती. बळ असले म्हणजे तोल असतोच असे नव्हे, हे त्याचे म्हणणे आजही खरे आहे. बळ गेले असता तोलही जातो, ही त्याची दुसरी बाजू नंतर लिहिली गेली.

दुसरी मर्यादा काळाची आहे. ऊट्होफ ह्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली असे नोंदविले की, ह्या व्याधीतील काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर मंद होते आणि विश्रांतीनंतर पूर्ववत् होते. पुढे ह्याचे कारण देहाच्या वाढलेल्या उष्णतेत सापडले, आणि दृष्टीखेरीज इतर क्रियांसही हे लागू पडते असे दिसून आले. तेव्हा सकाळी विसावलेल्या रुग्णाच्या अंगठ्याने धरून ठेवलेला कागद सायंकाळी, बाजारहाट करून परतल्यावर, त्याच अंगठ्याखालून निसटू शकतो. एका वेळी घेतलेला एक आकडा हा त्या रुग्णाचे बळ नव्हे. तो त्या घटकेचे बळ होय.

पेराँ ह्याच्या बलमापकापासून अंगठ्याखालच्या कागदापर्यंतचा हा प्रवास दोनशे वर्षांचा आहे. ह्या अवधीत मापनाची सूक्ष्मता वाढली, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचा बदल मापनाच्या स्थळात झाला. प्रथम मुठीचे बळ मोजले गेले, नंतर खाटेवर निजलेल्या माणसाच्या अवयवांचे, आणि सरतेशेवटी जमिनीस टेकलेल्या पावलाचे. रुग्ण जेथे पडतो तेथे मापन पोहोचण्यास एवढा काळ लागला, आणि ते तेथे पोहोचल्यावर रुग्णांचे जुनेच म्हणणे पुष्कळ अंशी खरे ठरले. 'पायात बळ नाही' हे वाक्य प्रतवारीच्या कोष्टकात बसत नव्हते, म्हणून ते तक्रारीच्या सदरात टाकले गेले होते. आज त्यास निरीक्षणाचा दर्जा मिळू लागला आहे. मात्र ते बळ बोटांत नाही, की बोटांपर्यंत पोहोचत नाही, हे ठरविण्यासाठी बलमापकाच्या आकड्याशेजारी रोमबर्गची डोळे मिटण्याची कसोटी आजही घ्यावीच लागते. फारकत झालेल्या ह्या दोन परीक्षा एकाच रुग्णाच्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिहिल्या जाव्यात, हाच ह्या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष म्हणावा लागेल.